भाकरीचा घास उतरत नाही, पाठ मात्र ओलीचिंब

प्रश्न : मी ४७ वर्षांची. गंगाखेड तालुक्यात आमची पिठाची गिरणी आहे, ती मीच चालवते. तीन महिन्यांपासून डोक्याला-मानेला इतका घाम येतो की उडालेलं पीठ मानेवर चिकटून बसतं. रात्री अंथरूणही ओलं होतं. तोंड मात्र कोरडंठाक. भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरत नाही. पाळी आठ महिन्यांपासून मागेपुढे होते. डोकेदुखीसाठी दिवाळीपासून रात्री एक गोळी घेते, पाकिटावर अमिट्रिप्टिलिन लिहिलंय. सगळे म्हणतात उष्णता वाढली, म्हणून सब्जा, गुलकंद आणि दिवसातून तीन-चार ग्लास लिंबू सरबत चालू आहे. फरक नाही. काय करू?

उत्तर : ताई, साखरेचं सरबत आणि गुलकंद आजपासून बंद ठेवा, साखर तपासून होईपर्यंत. हे मी घाईने सांगते, त्याला कारण आहे. माझी आई औशाला असायची. एका उन्हाळ्यात तिच्या घशाला सारखी कोरड पडायची आणि ती रोज उसाचा रस प्यायची. मी स्वतः डॉक्टर, तरी ‘ऊनच एवढं आहे’ म्हणत राहिले. पावसाळ्यात पायाची जखम भरेना, तेव्हा रक्त तपासलं. मधुमेह होता. ते महिने मला अजून टोचतात.

रक्तातली साखर वाढली की लघवीवाटे पाणी जातं आणि तोंड सुकतं. म्हणून उपाशीपोटी साखर आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी, दोन्ही करा. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, एचबीए१सी ६.५ किंवा जास्त आली तर मधुमेहाचे उपचार लागतात. त्याच रक्तात थायरॉईडची टीएसएचही करून घ्या. थायरॉईड जास्त काम करत असेल तर घाम, धडधड, हाताला कंप आणि खाऊनही वजन घटणं, असं दिसतं.

आता ती गोळी. मला सगळ्यात जास्त संशय तिचाच आहे. लाळेच्या ग्रंथींना मज्जातंतूंकडून जो निरोप जातो, तो ही गोळी अडवते, म्हणून तोंड कोरडं पडतं. तोच निरोप घामाच्या ग्रंथींनाही जातो, म्हणजे घाम खरं तर कमी व्हायला हवा. पण मेंदूतल्या तापमानाच्या नियंत्रणावरही तिचा परिणाम होतो आणि काहींना उलट जास्त घाम येतो. मात्र गोळी मनाने एकदम सोडू नका, झोप बिघडते, डोकं जास्त दुखतं. ज्यांनी दिली त्यांना विचारून मात्रा कमी करा किंवा औषध बदला.

पाळी जाण्याच्या वयात छातीपासून वर वाफ आल्यासारखं होऊन घाम फुटतो. तेही तुमच्या बाबतीत असणार. पण वरच्या तपासण्या झाल्याशिवाय सगळं त्याच्यावर ढकलू नका. रात्रीच्या घामाबरोबर बारीक ताप, दोन आठवड्यांवर खोकला, वजन घटणं असेल तर क्षयाच्या शंकेने सरकारी दवाखान्यात थुंकी तपासा, ती मोफत होते. आणि छातीत दाब येऊन थंडगार घाम फुटला, तर वाट न बघता १०८.

तोवर माठातलं पाणी घोट-घोट प्या. चहा दोन कपांवर नको, मिश्री-तंबाखू असेल तर सोडा. लाळ कमी झाली की दात लवकर किडतात, म्हणून रात्री फ्लोराईडच्या पेस्टने घासूनच झोपा. गिरणीत सुती कपडे घाला, आणि दुपारी बारा ते चार दळण बंद ठेवता आलं तर ठेवा.

एक राहिलं. पिठाच्या धुळीने शिंका येतात म्हणून तुम्ही मेडिकलमधून सर्दीची गोळी आणत असाल, तर तिचं पाकीटही डॉक्टरांना दाखवा. तशा बऱ्याच गोळ्या तोंड कोरडं करतात, आणि तुमच्या डोकेदुखीच्या गोळीबरोबर घेतल्यावर त्रास वाढतो.