कलम सात खोडून टाक

प्रिय मित्रा,

महापालिकेची कामं तपासणाऱ्या नागरिकांच्या मंडळाचा, तुझ्या ‘नागरिक ज्युरी’चा मसुदा दोनदा वाचला. महापालिकेचा दोषी अधिकारी ज्युरीनंच निलंबित करायचा, हे तुझं कलम सात. वकील म्हणतात टिकणार नाही, मित्र म्हणतात मग ज्युरीला विचारतो कोण, आणि तू मध्येच अडकलायस. खोडून टाक ते कलम. शिक्षेचा हक्क मागू नकोस, मुदतीत लेखी उत्तराचा हक्क माग.

सनदी अधिकाऱ्याला सहसा चौकशीशिवाय बडतर्फ करता येत नाही, हे घटनेचं कलम ३११. भ्रष्टाचाराच्या खटल्याला १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याप्रमाणे पूर्वमंजुरी लागते, आणि २०१८ पासून बऱ्याच प्रकरणांत साध्या चौकशीलाही. याला बगल देणारा तुझा नियम पहिल्याच तारखेला स्थगितीत जाईल आणि वर्षानुवर्षं तिथंच पडून राहील.

कॅलिफोर्नियाचं उदाहरण देतोस, तर ते नीट वाच. तिथं बहुतेक काउंट्यांत, म्हणजे जिल्ह्यांत, १९ नागरिक वर्षभर ज्युरीत बसतात, दप्तरं तपासतात आणि अहवाल देतात. शिक्षा ते करत नाहीत. पण अहवाल निघाला की संबंधित मंडळाला ९० दिवसांत, निवडून आलेल्या काउंटी अधिकाऱ्याला ६० दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. प्रत्येक शिफारशीवर सांगायचं: केली, अमुक तारखेपर्यंत करू, अजून अभ्यास हवा, किंवा करणार नाही आणि का. ‘योग्य ती कार्यवाही सुरू आहे’ हे वाक्य तिथं चालत नाही. सगळी ताकद त्यात आहे, बाबा! मुदत आणि लेखी उत्तर.

हा मवाळपणा नाही. आमच्या पिढीची हयात निलंबनाच्या मागण्यांत गेली. माणूस बदलून गेला, फाइल तशीच राहिली. त्याची खंत आहे, म्हणून हा हट्ट.

दुसरं, ‘प्रतिष्ठित नागरिक’ हा शब्दही काढ. नावं मतदारयादीतून चिठ्ठी टाकून काढ. १९ हवेत तर ६० काढ, कारण निम्म्याहून जास्त लोक नकार देतील. आणि भत्ता लिहीच. विडी वळणाऱ्या बाईला हजार विड्यांमागं मजुरी मिळते, बैठकीला आली की तो दिवस बुडतो. भत्ता नसेल तर ज्युरीत उरतील पेन्शनर आणि पक्षाचे कार्यकर्ते.

कायदा होईपर्यंत हात बांधून बसू नकोस. गल्लीतला एकच रस्ता घे. माहिती अधिकारात कार्यादेश, अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाच्या मापांची नोंदवही), देयक आणि चाचणी अहवाल माग. एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, १० रुपये शुल्क. ‘का केलं’ असं विचारलंस तर ‘प्रश्नार्थक माहिती’ म्हणून अर्ज निकाली निघेल. कागद माग, कारण मागू नकोस. ३० दिवसांत काही आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

मग टेप घेऊन जा. पुस्तिकेत १२० मीटर लांब, साडेतीन मीटर रुंद, १५ सेंटीमीटर जाड काँक्रीट असेल तर ते ६३ घनमीटर झालं. जाडी १२ च भरली तर ५०.४. उरलेलं १२.६ घनमीटर कुठं गेलं, एवढाच तुझ्या अहवालाचा मुद्दा. पण कडेच्या एका मापावर आरोप करू नकोस, कडेला जाडी कमी-जास्त होतेच. माहिती अधिकार कायद्यात साहित्याचा प्रमाणित नमुना मागायचाही हक्क आहे, तो वापर. आणि तारखा बघ: मोजमाप देयकानंतरचं निघालं, तर टेपचीही गरज नाही.

अहवालात ‘भ्रष्टाचार’ हा शब्द नको. आकडा, पान क्रमांक आणि खाली ‘९० दिवसांत लेखी उत्तर द्यावे’. कायद्याचा आधार नसला तरी आवक शिक्का मारून घे.

२०१८ च्या शासन निर्णयाप्रमाणे स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ दप्तर बघता येतं. येत्या सोमवारी इंद्रभुवनात, सोलापूर महापालिकेच्या इमारतीत, जा. वही ने, आणि सोबत एकाला घेऊन जा. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं लिहायचं.