वाईनरी घरची, छोटी : लिहायचं काय आणि कुणासाठी?

प्रश्न : नमस्कार ताई, दिंडोरीजवळ आमची घरचीच छोटी वाईनरी आहे. बाग बाबा आणि काका बघतात, टेस्टिंग रूम मी आणि वहिनी. जानेवारी ते मार्च गर्दी असते पण एप्रिल-मेच्या उन्हात चिटपाखरू फिरकत नाही. मोठ्या कंपन्यांसारखा खर्च आम्हाला झेपणार नाही म्हणून ब्लॉग सुरू करावा म्हणतेय, पण बाबा म्हणतात वाईनबद्दल वाचतंय कोण, आणि तेही मराठीत?
— एक वाचक, दिंडोरी

उत्तर : बाबांना सांगा, वाचणारे खूप आहेत आणि पहिले तर नाशिकमध्येच आहेत. शनिवार-रविवारी गंगापूर धरणाकडच्या वाईनरींकडे गाड्यांची रांग लागते त्यातली कितीतरी मंडळी पहिल्यांदाच वाईनचा ग्लास हातात धरतात, आणि पाहुण्यांना घेऊन गेलेला नाशिककर बरेचदा नुसता पिझ्झा खाऊन परत येतो कारण विचारायचं कसं, कोणी हसलं तर? इंग्रजीत चिक्कार लिहिलेलं आहे पण ते आधीच कळणाऱ्यांसाठी. तुम्ही ह्या लाजणाऱ्या माणसासाठी लिहा, मराठीतच.

विषय शोधत बसू नका. काउंटरवर एक वही ठेवा आणि लोक जे विचारतात ते लिहून घ्या. 'रेडमध्ये रंग घालता का हो?' ह्या एका प्रश्नावर अख्खी पोस्ट होते. काकांना शिराझचा एक मणी चिमटीत दाबायला सांगा, काळ्या द्राक्षातून रस जवळपास पांढराच निघतो, रंग सगळा सालीत, म्हणून रेड सालीसकट आंबवतात आणि व्हाईटसाठी रस आधीच वेगळा काढतात. तेवढाच मोबाईलवर व्हिडिओ घ्या, खाली चार ओळी, बास. तसंच 'रेड वाईन रूम टेंपरेचरला प्यायची' हे सगळ्यांनी कुठेतरी ऐकलेलं असतं, पण ती खोली युरोपातली, आपल्याकडे एप्रिलात पारा ३५ च्या वर जातो आणि तीच बाटली जळजळीत लागते, २० मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा म्हणावं. आणि जुनी तेवढी भारी हा समजही काढून टाका, शेनिन ब्लांसारखी साधी व्हाईट ताजीच छान लागते.

बाबांना लिहायला नाही, बोलायला लावा. ऑक्टोबर छाटणी, अवकाळीची धास्ती, रिफ्रॅक्टोमीटरवर (रसातली साखर मोजायचं छोटं यंत्र) ब्रिक्स, म्हणजे साखरेचं प्रमाण, बघून काढणीचा दिवस ठरवणं, उन्हं चढायच्या आत क्रेट भरणं, थॉम्पसनच्या, म्हणजे खायच्या बिनबियांच्या द्राक्षाच्या, मानाने वाईनचं द्राक्ष लहान, जाड सालीचं आणि बियांचं का असतं, हे त्यांच्याच तोंडून रेकॉर्ड करा आणि जसंच्या तसं उतरवा. मला अगदी मनापासून वाटतं की छोट्या वाईनरीची खरी ताकद हीच आहे, बाग लावणारा आणि बाटली हातात देणारा एकाच घरातला.

एक गोष्ट मात्र सांभाळा. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ च्या कलम २४ नुसार मद्याच्या जाहिरातीवर बंदी आहे, त्यामुळे ऑफर, डिस्काउंट, 'आजच घ्या' असलं काही नको, तब्येतीला चांगली वगैरे दावे तर अजिबात नकोत, आणि सुरुवातीच्या चार-पाच पोस्ट तुमची एक्साईजची कामं बघणाऱ्याला दाखवूनच टाका.

सुरुवात ऑक्टोबर छाटणीपासून करा, महिन्यातून दोन पोस्ट पुरे, म्हणजे काढणीपर्यंत वाचणाऱ्याला तुमची बाग ओळखीची झालेली असेल. एप्रिल-मेसाठी आंबवणं आणि टाक्यांच्या गोष्टी राखून ठेवा, तेव्हा सेलर (वाईन साठवायची खोली) थंड असतं आणि तुमच्याकडे दाखवायला निवांत वेळही असतो.