माणूस आणि इतर प्राणी यांच्यात नेमका फरक कोणता? एका वाक्यात सांगा.

एका वाक्यात नाही जमणार, माफ करा. प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की विज्ञान माणसाला प्राणीच म्हणतं, पण मन मानत नाही, ‘बुद्धी’ सोडून काहीतरी ठोस फरक हवा. मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. हा प्रश्न दर वर्षी वर्गात येतो, बहुतेक मागच्या बाकावरून, आणि दर वर्षी मी आधी शब्दालाच अडते.

‘प्राणी’ म्हणजे ज्याच्यात प्राण आहे तो. ‘जनावर’ फारसीतून आलं. ज्याच्यात जान आहे ते जानवर. दोन्हींचा मूळ अर्थ एकच, आणि त्या अर्थानं तुम्ही-मी दोन्हींत बसतो. तरी ‘जनावर आहेस का?’ हे आपण माणसालाच विचारतो आणि ऐकणाऱ्याला ते लागतं. रेघ आपण आधीच मारून बसलोय. विज्ञानाकडे जातो ते तिच्यावर शिक्का मारून घ्यायला.

तो शिक्का सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या स्वीडनच्या लिनियसलाही मारता आला नाही. १७३५ साली त्यानं सजीवांची वर्गवारी छापली तेव्हा माणसाला माकड आणि स्लॉथ (झाडाला लटकून राहणारा एक संथ प्राणी) यांच्याच गटात टाकलं, आणि माणसाच्या नावापुढे ओळखायच्या खुणा लिहायच्या जागी लॅटिनमध्ये ‘स्वतःला ओळख’ असं लिहून मोकळा झाला. पुढे १७४७ मध्ये एका सहकाऱ्याला पत्रात त्यानं उलटा सवाल केला: माणूस आणि वानर यांना वेगळं काढणारी एक तरी खूण निसर्गाच्या अभ्यासातून दाखवा, मला तरी सापडत नाही. हे डार्विनच्या शंभरेक वर्षं आधी, आणि लिनियस चांगला श्रद्धाळू माणूस होता.

त्यानंतरची गोष्ट म्हणजे रेघ सरकवण्याचा खेळ. माणूस हत्यार बनवतो, म्हणून वेगळा, असं बरीच वर्षं चाललं. १९६० साली टांझानियातल्या गोंबेच्या जंगलात जेन गुडॉल यांनी एका चिंपांझीला डहाळीची पानं ओरबाडून ती वाळवीच्या वारुळात घालताना पाहिलं. डहाळी बाहेर काढायची, चिकटलेली वाळवी ओठांनी ओढून खायची. मग रेघ सरकली भाषेवर, मग ‘मी’पणाच्या जाणिवेवर. तिच्यासाठी १९७० मध्ये मानसशास्त्रज्ञ गॉर्डन गॅलप यांनी आरशाची परीक्षा काढली: प्राण्याच्या नकळत त्याच्या अंगावर ठिपका लावायचा आणि आरशात बघून तो स्वतःच्या अंगावर हात नेतो का ते पाहायचं. चिंपांझी पास, कुत्रा नापास. (कुत्र्याचं जग नाकात असतं, त्याला डोळ्यांचा पेपर दिला, हे कुणी फारसं मनावर घेतलं नाही.) २०१९ मध्ये जपानी संशोधकांनी हाच प्रयोग मोठ्या माशांच्या अंगावरचे परजीवी टिपणाऱ्या एका बोटभर माशावर केला. आरशात गळ्याखालचा ठिपका दिसल्यावर तो मासा तळाशी जाऊन गळा घासू लागला. यावर अनेकांनी, खुद्द गॅलप यांनीही, माशाला पास करायला नकार दिला. वानर पास झालं तेव्हा परीक्षा चांगली होती.

तुमची अडचण मला इथे दिसते. ‘ठोस फरक’ म्हणजे तुम्हाला असा गुण हवाय जो प्रत्येक माणसात आहे आणि माणसाबाहेर कुठेच नाही. जीवजातींचं काम असं चालत नाही. सुगरण पक्षी घ्या. सलीम अलींनी १९३० मध्ये अलिबागजवळच्या किहीमला त्यांची घरटी बघत दिवस काढले. नाव स्त्रीलिंगी असलं तरी विणतो नर. अर्धं घरटं झालं की मादी येऊन बघते, पसंत पडलं तर तो पुढचं पुरं करतो आणि ती आत अंडी घालते. मग हा पठ्ठ्या शेजारी दुसरं घरटं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. आता सांगा, ‘सुगरण म्हणजे घरटं विणणारा पक्षी’ अशी व्याख्या केली तर मादीचं काय? ती सुगरण नाही? अर्थात आहे, कारण ती सुगरणीच्या अंड्यातून आली. जात ठरते वंशावळीनं, गुणांच्या यादीनं नाही. तान्हं मूल बोलत नाही, हिशेब करत नाही, धर्म-अधर्म जाणत नाही. ते माणूस आहे कारण माणसाच्या पोटी जन्मलंय. तत्त्वज्ञ डेव्हिड हल यांनी हा मुद्दा १९८० च्या दशकात फार नेटानं मांडला, आणि मला तो अजून खोडता आलेला नाही.

म्हणजे फरक नाहीच का? आहे की. गेल्या मे महिन्यात भाची तिच्या सव्वा वर्षाच्या मुलाला घेऊन आली होती. आमच्या गॅलरीत पक्ष्यांसाठी पाण्याचं मातीचं भांडं ठेवलेलं असतं. एक कावळा कुठूनतरी पोळीचा वाळका तुकडा घेऊन आला, पाण्यात टाकला, थांबला, चोचीनं उलटा केला, मऊ झाल्यावर खाल्ला. मी कावळा बघत होते. पोरानं बोट दाखवलं, ‘काऊ’ म्हणाला, आणि लगेच मान वळवून माझ्या तोंडाकडे बघितलं. मी बघतेय ना, हे तपासलं. मग पुन्हा कावळ्याकडे.

त्याला कावळा नको होता, पोळीही नको होती. आपण दोघांनी मिळून तो बघावा, एवढंच हवं होतं. पाळलेले चिंपांझी हात करून खाऊ मागतात, पण नुसतं ‘बघ ना’ म्हणून दाखवणं त्यांच्यात फार क्वचित दिसतं. मानसशास्त्रज्ञ मायकेल टोमासेलो यांनी वानरं आणि मुलं यांची तुलना करत आयुष्य घालवलं. त्यांच्या मते माणसाची शाळा, भाषा, बाजार सगळं या ‘बघ ना’वर उभं आहे. मला हे बव्हंशी पटतं. दाखवता आलं की शिकवता येतं, आणि शिकवता आलं की एकाची अक्कल दुसऱ्याच्या अकलेवर रचता येते. आयव्हरी कोस्टच्या ताई जंगलात चिंपांझी दगडानं कठीण कवचाची फळं फोडतात. तिथे उत्खननात त्यांचे ४,३०० वर्षांपूर्वीचे दगड सापडले. आजही तेच, दगड घ्यायचा आणि आपटायचा.

पण हे सांगून झाल्यावर मी वर्गात नेवाशाचं नाव घेते. तिथे प्रवरेकाठी चिरकीला अश्मयुगीन हातकुऱ्हाडी सापडल्या आहेत. या घडणीची हत्यारं आफ्रिकेपासून भारतापर्यंत मिळतात आणि दहा लाखांहून अधिक वर्षं ती जवळजवळ तशीच राहिली. बनवणारे आपल्याच कुळातले, दोन पायांवर चालणारे. ‘रचत जाणं’ हा माणसाचा जन्मजात शिक्का म्हणावा, तर एवढा काळ तो कुठे होता? तोही हळूहळूच आला असणार.

आणि तुमचं मन का मानत नाही, याचं माझ्याकडे एक साधं कारण आहे: मधले सगळे मेले. चिंपांझी आणि आपण यांच्या वाटा फुटून साठ-सत्तर लाख वर्षं झाली आणि त्यामधले आज कुणीच शिल्लक नाहीत, म्हणून दरी दिसते. साठ हजार वर्षांपूर्वी हाच प्रश्न विचारला असता, तर आपले आता नामशेष झालेले भाऊबंद हयात होते: युरोपात निअँडरथल होते, आशियात डेनिसोव्हन होते, आणि इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावरची जेमतेम साडेतीन फुटांची माणसंही नुकतीच होऊन गेली असतील किंवा तिथेच असतील. निअँडरथलांशी तर आपल्या पूर्वजांना मुलंही झाली. तुमच्या-माझ्या डीएनएत एक-दोन टक्के अंश त्यांचा आहे. तेव्हा तुमचा प्रश्न मीच तुम्हाला परत विचारला असता: हा शेजारचा बाप्या रेघेच्या कुठल्या बाजूला धरू?