पी०१७१ न् पी२१९५ आलेत म्हणून लगेच ए/एफ सेन्सर बदलू नको

भावा, जरा थांब. पी०१७१ (मिश्रण लीन, म्हणजे हवा जास्त न् पेट्रोल कमी) आणि पी२१९५ दोन्ही कोड आलेत, आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) गाडी थरथरते आणि गॅरेजवाला म्हणतोय सेन्सर गेला, असं तू लिहिलंयस. पण पी२१९५ म्हणजे पुढचा ए/एफ सेन्सर, म्हणजे धुरावरून हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा, सारखा लीन दाखवतोय, एवढंच. इंजिन खरंच लीन चालत असेल तर तो खरं तेच सांगतोय, आणि नवीन बसवलास तरी चेक लाईट परत पेटणारच, पैसे मात्र गेले.

मल्टीमीटर लावून 'व्होल्ट हलत नाहीत, सेन्सर मेला' असं कोणी म्हटलं तर ऐकू नको. जुना ओटू (ऑक्सिजन) सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये खालीवर होतो, हा ए/एफ तसा नाचत नाही, हा करंटवर चालतो आणि त्याचं गणित ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, करतो. बऱ्याच जपानी गाड्यांत १४.७ च्या मिश्रणाला (१४.७ भाग हवा, एक भाग पेट्रोल) स्कॅनरवर साधारण ३.३ व्होल्ट दिसतात आणि लीन झालं की आकडा वाढतो, म्हणजे जुन्याच्या बरोबर उलट. स्कॅनरवर लॅम्डा (१ म्हणजे मिश्रण बरोबर, त्याच्यावर लीन) दिसत असेल तर तोच बघ, स्थिर आयडलला १.०० च्या आसपास हवा.

आता फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय ते. इंजिन पूर्ण गरम कर, शॉर्ट टर्म आणि लाँग टर्मची बेरीज आयडलला बघ, मग २५०० आरपीएमला धरून बघ. आयडलला +२० आणि वर गेल्यावर +५ असं काही आलं तर कुठंतरी चोरून हवा शिरतीय. एअरफ्लो सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) ते इंजिन या मधला रबरी होज चिरलाय का, पीसीव्हीचा (इंजिनातली वाफ परत इनटेकमध्ये नेणारा) पाइप, ब्रेक बूस्टरचा पाइप, इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट, सगळं बघ. तुझी गाडी आयडललाच थरथरते म्हणून माझा पहिला संशय इथंच आहे. स्मोक टेस्ट (इनटेकमध्ये धूर सोडून गळती शोधतात ती) करून घे की, गरम इंजिनवर कार्ब क्लीनर मारत बसू नको, पेट घेतंय. याउलट आयडलला बरं आणि गगनबावड्याचा घाट चढताना ट्रिम वाढत असेल तर पेट्रोलचं प्रेशर चेक कर, एअरफ्लो सेन्सर घाण झालाय का तेपण बघ.

आणि मागचा, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धूर साफ करणारा डबा) नंतर बसलेला सेन्सर, त्याच्याकडं कोणी बघतच नाही! पुढचा लीन म्हणतोय आणि मागचाही खाली ०.१ व्होल्टला पडलाय, तर इंजिन खरंच लीन आहे. पण पुढचा लीन, ट्रिम वर चढलेलं, आणि मागचा ०.८ ला चिकटलाय, प्लग काळे, धुराला पेट्रोलचा वास, असं असलं तर पुढचा सेन्सर चुकीचं सांगतोय. तरीसुद्धा आधी एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट बघ, सकाळी थंड इंजिनवर टिकटिक आवाज येतोय का ऐक, कारण सेन्सरच्या आधी लीक असला की बाहेरची हवा आत ओढली जाते आणि चांगला सेन्सरही लीन दाखवतो.

ई२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) वर सगळं ढकलू नको. ऊसपट्ट्यातल्या इथेनॉलला शिव्या घालणारे लई आहेत, पण त्यानं ट्रिम थोडं वर सरकतं, निव्वळ त्यानं +२० होत नाही.

वायरिंग मात्र नक्की बघ, शेताकडंला गाडी लागत असेल तर उंदीर वायरी कुरतडतात. पी००३१ किंवा पी०१३५ असा सेन्सरच्या आतल्या हीटरचा कोड सोबत असता तर मी फ्यूज आणि कनेक्टरपासूनच सुरुवात करायला सांगितली असती.

एवढं करून सेन्सरच गेलाय असं ठरलं तर पार्ट नंबर जुळवूनच घे. साधा ओटू सेन्सर तिथं चालत नाही. जुना काढताना इंजिन कोमट असू दे, आणि जवळपास साधा सिलिकॉन सीलंट वापरू नको, त्याच्या वाफेनं नवा सेन्सरपण खराब होतो. बसवल्यावर कोड आणि ट्रिम दोन्ही रिसेट करून घे. आयडल आणि २५०० चे आकडे इथं टाक, पुढचं बघू.