वाचक विचारतात : प्रोफेसर लेटनची कोडी, जुना डीएस आणि गोव्याचा पाऊस

चवथीला आखातातून, लिस्बनहून, लंडनहून घरी येणाऱ्यांच्या बॅगांतून जुने निन्टेन्डो डीएस (हातात धरून गेम खेळायचे यंत्र) गोव्यात बरेच उतरले असावेत. 'प्रोफेसर लेटन' या कोडी सोडवत रहस्य उलगडण्याच्या गेमबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत. कथेतले रहस्य कुठेही फोडलेले नाही.

माझ्याकडे 'पँडोराज बॉक्स' आहे. विक्रीला 'डायबॉलिकल बॉक्स' दिसतो आहे. तोही घ्यावा का? (फोंडा)

घेऊ नका, तो तुमच्याकडे आहेच. युरोपात जो 'पँडोराज बॉक्स' तोच अमेरिकेत 'डायबॉलिकल बॉक्स'. पुढच्या दोन गेमचीही हीच गत: 'लॉस्ट फ्यूचर' आणि 'अनवाउंड फ्यूचर' एकच, 'स्पेक्टर्स कॉल' आणि 'लास्ट स्पेक्टर' एकच. फक्त पहिल्याचे, म्हणजे 'क्युरियस व्हिलेज'चे नाव दोन्हीकडे सारखे. तो जपानमध्ये 15 फेब्रुवारी 2007 रोजी आला आणि इंग्रजीत 2008 साली.

कथेच्या काळानुसार चौथा गेम पहिल्याच्या आधी घडतो, म्हणून काहीजण तिथून सुरुवात करायला सांगतात. आमचे मत उलटे आहे. पहिले तीन ओळीने खेळा. पहिल्या गेममध्ये एक बंद दार आहे, त्याचा सांकेतिक आकडा दुसऱ्या गेममध्ये मिळतो. दुसरा विकून टाकण्याआधी हे लक्षात असू द्या.

पाचवा 'मिरॅकल मास्क' आणि सहावा 'अझ्रान लेगसी' हे थ्रीडीएसचे, म्हणजे डीएसनंतर आलेल्या यंत्राचे गेम आहेत, डीएसवर चालत नाहीत. शिवाय थ्रीडीएसला प्रदेशाचे कुलूप असते: अमेरिकी कार्ड युरोपच्या यंत्रावर चालत नाही. पहिल्या चार गेमच्या कार्डांना अशी अडचण नाही, ती कुठल्याही देशाच्या डीएसवर किंवा थ्रीडीएसवर चालतात. थ्रीडीएसचे ऑनलाइन दुकान 27 मार्च 2023 रोजी बंद झाले. आता नवीन खरेदी फक्त कार्डाचीच.

थ्रीडीएसवर लेटन लावला की अक्षरे पुसट दिसतात. स्क्रीन गेली का? (पर्वरी)

नाही. डीएसचे चित्र 256 × 192 ठिपक्यांचे, आणि थ्रीडीएस ते ताणून मोठे करतो. गेमच्या चिन्हावर टिचकी मारताना स्टार्ट किंवा सिलेक्ट बटण दाबून धरा आणि गेम सुरू होईपर्यंत सोडू नका. चित्र लहान होईल, पण धारदार दिसेल. आगकाड्यांच्या आणि नकाशांच्या कोड्यांना याचा चांगलाच फरक पडतो.

मामांनी जपानहून डीएसआय (डीएसचीच पुढची आवृत्ती) आणला. चार्जरला पिन बदलणारा अॅडॅप्टर लावला तर चालेल ना? (म्हापसा)

प्लगला लावण्याआधी चार्जरच्या पाठीवरची 'इनपुट' ही ओळ वाचा. पिन बदलणारा अॅडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. आपल्याकडे 230 व्होल्ट येतात. जपानी चार्जर 100 व्होल्टचा आणि अमेरिकी 120 व्होल्टचा असतो. तो थेट लावला तर चार्जर जळणार. युरोप किंवा इंग्लंडचा चार्जर 230 व्होल्टचा, तो चालतो.

सोपा उपाय म्हणजे डीएसआय-थ्रीडीएसच्या पिनेची यूएसबी केबल घेऊन ती मोबाइलच्या साध्या 5 व्होल्टच्या चार्जरला लावणे. डीएसआय, थ्रीडीएस आणि टूडीएस यांची पिन एकच आहे. डीएस लाइटची वेगळी, ती केबल निराळी मागावी लागते. दुकानदार 'सगळ्याला एकच' म्हणाला तरी यंत्र सोबत नेऊन पिन बसते का ते पाहा.

मागचे झाकण फुगलेले किंवा नीट बसत नसेल तर बॅटरी फुगली आहे. चार्जिंग तिथेच थांबवा, झाकणाचा स्क्रू सोडवून बॅटरी काढा आणि नवी टाका. दाबून सपाट करायला जाऊ नका.

उत्तराचा आकडा लिहितो तेव्हा 7 चा 1 होतो, 4 चा 9 होतो. गेम बिघडला का? (वास्को)

दोन कारणे असू शकतात. एक लिहिण्याचे, एक स्क्रीनचे.

लिहिण्याचे आधी पाहू. गेमला फक्त इंग्रजी आकडे कळतात. मुलगा मराठी शाळेत ७ आणि ४ लिहीत असेल तर हात आपोआप तिकडे वळतो. 4 चे डोके उघडे ठेवा, 7 ची आडवी रेघ ठळक काढा, 1 नुसती उभी रेघ. चौकट भरेल एवढा मोठा आकडा काढा. चुकला तर पुसून पुन्हा लिहा. उत्तर पक्के केल्याशिवाय गुण कापले जात नाहीत.

तरीही रेघ स्टायलसच्या टोकापासून बाजूला उमटत असेल तर स्क्रीन जुळवायला हवी. डीएस सुरू करून सेटिंगमध्ये टच स्क्रीन निवडा आणि येणाऱ्या खुणांच्या नेमक्या मधोमध टोक टेकवा. टच अगदीच भरकटला असला तरी या मेनूपर्यंत बटणांनी पोचता येते. जुळवणी करताना यंत्र टेबलावर ठेवा, हातात धरून नेम चुकतो.

जुळवल्यावरही न दाबता स्क्रीनवर काहीतरी दाबले जात असेल, तर बहुधा कडेला चौकटीखाली वाळूचा कण अडकला आहे. ही स्क्रीन मोबाइलसारखी नाही. तिचे दोन थर एकमेकांना टेकले की तिला स्पर्श कळतो, आणि कडेचा कण ते थर सतत टेकवून ठेवतो. समुद्रकिनाऱ्यावर यंत्र नेणाऱ्यांचे हे ठरलेले दुखणे. पातळ कागदाची पट्टी चौकट आणि स्क्रीन यांच्या फटीतून चारही कडांनी हलके फिरवा. स्क्रीनवर चिकटवलेला प्लास्टिकचा कागद मोठा कापला असेल तरी हेच होते. तो कडेपासून किंचित आत हवा.

लांडगे आणि पिल्लांचे कोडे काही केल्या सुटत नाही. (साखळी)

पहिल्या गेममधले हे सर्वांत जास्त डोके खाणारे कोडे. तीन लांडगे, कोंबडीची तीन पिल्ले, सगळ्यांना नदीपार न्यायचे, तराफ्यावर जास्तीत जास्त दोघे, तराफा रिकामा जात नाही, आणि कुठल्याही काठावर पिल्लांपेक्षा लांडगे जास्त झाले की खेळ संपला. जिथे एकही पिल्लू नाही तिथे कितीही लांडगे चालतात.

उत्तर 11 फेऱ्यांचे आहे. दोन लांडगे पलीकडे, एक परत. पुन्हा दोन लांडगे पलीकडे, एक परत. दोन पिल्ले पलीकडे. आता एक लांडगा आणि एक पिल्लू दोघेही परत. दोन पिल्ले पलीकडे, एक लांडगा परत. मग दोन लांडगे पलीकडे, एक परत, आणि शेवटचे दोन पलीकडे.

बहुतेकजण सहाव्या फेरीला अडतात. तिथवर चौघे पलीकडे पोचलेले असतात, आणि पोचलेल्यांपैकी दोघांना परत आणणे मनाला पटत नाही. पण एकट्याला आणून पाहा: पिल्लू आणले तर पलीकडे दोन लांडग्यांसमोर एक पिल्लू उरते, लांडगा आणला तर अलीकडे दोन लांडग्यांसमोर एक पिल्लू. जोडीच आणावी लागते. एवढे उमगले की उरलेल्या फेऱ्या सरळ आहेत.

भांड्यांतून पाणी वाटण्याची कोडी करायला एखादी रीत आहे का, की अंदाजानेच? (डिचोली)

रीत आहे, आणि ती कागदावर तीन रकाने आखून करावी. मोठे, मधले, लहान. पाणी नेहमी एकाच दिशेने फिरवायचे: मधले रिकामे असेल तर मोठ्यातून भरा, लहान भरले की ते मोठ्यात ओता, यांपैकी काही लागू नसेल तर मधल्यातून लहानात ओता. दुसरा विचार करायचा नाही.

10, 7 आणि 3 मापांच्या भांड्यांतून 5-5 वाटणी करायची तर रकाने असे येतात: 10-0-0, 3-7-0, 3-4-3, 6-4-0, 6-1-3, 9-1-0, 9-0-1, 2-7-1, 2-5-3, 5-5-0. नऊ ओतण्या. 8, 5, 3 ला हीच रीत सात ओतण्यांत 4-4 देते. तिथे लहान भांडे आधी भरून उलट्या दिशेने गेलात तर आठ लागतात. चूक होते ती मध्येच दिशा बदलल्याने: दोन ओतण्यांनी माणूस जुन्याच स्थितीत येऊन पोचतो आणि त्याला ते कळतही नाही. रकाने मांडलेले असले की पुन्हा आलेली ओळ लगेच दिसते.

कागद-पेन्सिल पहिल्या गेमला तर हवीच. स्क्रीनवर टिपणे काढायची सोय दुसऱ्या गेमपासून आली.

हिंट कॉइन संपली. आता काय? आणि चुकीच्या उत्तराने किती नुकसान होते? (मडगाव)

नाणी चित्रांत लपलेली असतात. प्रत्येक ठिकाणी खिडक्या, दिवे, कुंड्या, धुराडी, पाट्या यांवर टिचकी मारत जा. एका जागेचे नाणे एकदाच मिळते, म्हणून गाठीची संख्या मर्यादितच.

एका कोड्याला तीन सूचना, प्रत्येकी एक नाणे. पहिली बहुतेक वेळा प्रश्नच दुसऱ्या शब्दांत सांगते, तिसरी जवळजवळ उत्तर देते. म्हणून एकच सूचना घेऊन थांबणे हा सर्वांत वाईट व्यवहार. घ्यायच्या तर तिन्ही, नाहीतर एकही नाही. तिसऱ्या गेमपासून चौथी मोठी सूचना आली, तिला दोन नाणी पडतात. एकदा घेतलेली सूचना कोडे सोडून परत आलात तरी वाचता येते.

गुणांना गेममध्ये पिकारात म्हणतात. 50 गुणांचे कोडे पहिल्या चुकीला 45 वर, दुसरीला 40 वर येते आणि तिथेच थांबते. म्हणजे दोनदा चुकल्यावर पुढच्या चुका फुकट! चार पर्याय असलेल्या कोड्यात याचा उपयोग करणारे करतात. नाणी राखून ठेवायची युक्तीही आहे: आधी सेव्ह करा, सूचना वाचा, सेव्ह न करता यंत्र बंद करा. नाणी जशीच्या तशी राहतात. आम्ही ती शिकवत नाही, पण ती नाही असेही म्हणवत नाही. गुण मुख्यतः शेवटच्या बोनसकरता लागतात, कथा त्यांच्यावाचून अडत नाही. ती अडते सोडवलेल्या कोड्यांच्या संख्येवर. काही ठिकाणी ठरावीक संख्या झाल्याशिवाय पुढे सोडत नाहीत.

एका पात्राचे कोडे करायचे राहून गेले आणि ते पात्र आता तिथे नाही. (पेडणे)

पहिला गेम असेल तर ग्रॅनी रिडलटन या आजीबाईच्या झोपडीत जा. हुकलेली कोडी तिथे गोळा होतात.

पावसाळ्यानंतर कार्ड वाचलेच जात नाही. (केपे)

दमटपणाने कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांवर थर बसला आहे. फुंकर मारू नका, तोंडातल्या वाफेने थर वाढतो. कानकाडीचा कापूस आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये, 90 टक्क्यांपेक्षा कमी नसलेल्या, किंचित भिजवा आणि पट्ट्यांच्या लांबीच्या दिशेने पुसा. कापूस स्वच्छ निघेपर्यंत कापूस बदलत राहा. दहा मिनिटे वाळू द्या, मग कार्ड चार-पाच वेळा आत-बाहेर करा, म्हणजे यंत्राच्या पिनाही घासल्या जातील. कोलन, सॅनिटायझर आणि पॉलिशपेपर तिन्ही वर्ज्य. जूनपासून कार्डे घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. तांदळात ठेवू नका, त्याची पूड फटींत जाते.

खेळ सेव्ह होतो, पण दुसऱ्या दिवशी नाहीसा. कार्डातली बॅटरी गेली असेल का? (पणजी)

गेमबॉयच्या पुष्कळ कार्डांत बॅटरी असायची. डीएसच्या कार्डात सेव्ह करायला बॅटरी लागत नाही, त्यामुळे ती संपण्याचा प्रश्न नाही. आधी पट्ट्या पुसून पाहा. तरी तसेच असेल तर कार्ड नकली असण्याची शक्यता मोठी, सेव्ह न टिकणे हे नकली कार्डाचे नेहमीचे लक्षण. अस्सल कार्डाच्या लेबलावर 'एनटीआर'ने सुरू होणारा कोड आणि शेवटी यूएसए, ईयूआर असा प्रदेश छापलेला असतो. लेबल एका प्रदेशाचे आणि गेम सुरू झाल्यावर नाव दुसऱ्या प्रदेशाचे आले तर समजून जा.

सेव्ह आपोआप होत नाही हेही पाहा. ट्रंकेच्या चिन्हात जाऊन ते हाताने करावे लागते. जागा तीन आहेत, भावंडांनी आपापली ठरवून घ्यावी.

मुलगी मराठी माध्यमात चौथीत आहे. तिला जमेल का? (वाळपई)

कोडी जमतील, इंग्रजी अडेल. ही कोडी चिबा विद्यापीठातले मानसशास्त्राचे प्राध्यापक अकिरा तागो यांच्या देखरेखीखाली तयार झाली. गणिताच्या पाठांतरापेक्षा प्रश्न नीट वाचण्यावर त्यांचा भर असतो, आणि सापळा बहुतेकदा वाक्यरचनेत असतो. म्हणून तुम्ही वाचून सांगताना सारांश सांगू नका, वाक्य जसेच्या तसे मराठीत आणा. 'किती उरले' आणि 'किती जळून गेले' यांत गल्लत केलीत तर दोष मुलीचा नाही. सुरुवात आगकाड्यांच्या, आकार जुळवण्याच्या आणि सरकत्या ठोकळ्यांच्या कोड्यांनी करा. तिथे भाषा फारशी लागत नाही.

डीएस नाही आणि घ्यायचाही नाही. मोबाइलवर खेळता येईल? (काणकोण)

येईल. 'क्युरियस व्हिलेज'ची मोबाइल आवृत्ती इंग्रजीत 2018 साली आली, आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हींसाठी. चित्रे नव्याने धारदार केली आहेत. स्क्रीन लहान असेल तर बोटाऐवजी रबरी टोकाचा स्टायलस घ्या, सरकत्या ठोकळ्यांना बोट जाडच पडते.