कुलवृत्तांत मागच्या पानांपासून वाचा

प्रश्न : आमचे घराणे पेशवाईत कोकणातून बुंदेलखंडातल्या सागर गावी गेले, असे घरात सांगतात. आमच्या आडनावाचा छापील कुलवृत्तांत (घराण्याची वंशावळ आणि माहिती देणारे पुस्तक) मिळाला, पण त्यात खापरपणजोबांचे नाव नाही. आता काय करावे?

उत्तर : आधी पुस्तकाची शेवटची पाने उघडा. मुख्य वंशवेलीला न जुळलेली घराणी आणि पुरवणी बहुधा तिथे असते. दूर जाऊन स्थिरावलेली माणसे पुष्कळदा तिथेच सापडतात. संपादक छापील तक्ते पाठवून माहिती मागवत. ज्यांचे उत्तर आले नाही, त्यांची शाखा अर्धवट राहिली. तेव्हा पुढची पिढी दिसत नाही म्हणजे वंश खुंटला, असे धरू नका.

शोध खालून वर न्यायचा. आजोबा-पणजोबांची नावे कागदपत्रांवरून पक्की करा, मगच वेलीत शिरा. एखाद्या नामवंत पूर्वजापासून खाली उतरू पाहाल तर नावे जुळतीलच, आणि तोच धोका आहे. नातवाला आजोबांचे नाव ठेवायची रीत. त्यामुळे सदाशिव बल्लाळ, बल्लाळ सदाशिव, पुन्हा सदाशिव बल्लाळ. नक्कल उतरवताना यातली एक जोडी सहज गळते. पिढीला 25 ते 30 वर्षे धरून मोजून पाहा : उदाहरणार्थ, 1761 ते 1935 मध्ये सहा-सात पिढ्या हव्यात, चारच भरल्या तर काहीतरी सुटले आहे. अशा वेळी बायकांच्या नोंदी कामी येतात. लग्नात नाव बदलले तरी माहेर बदलत नाही. त्या माहेरच्या घराण्याचा कुलवृत्तांत काढा, मुलगी कोणाला दिली ते तिथे मिळू शकते.

दत्तक असेल तर जनक (जन्माचे) आणि दत्तक, दोन्ही घरांच्या नोंदी ताडून घ्या.

सनांची गफलत तर नेहमीची. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो, पण जानेवारी ते वर्षअखेरीच्या फाल्गुनापर्यंत 79 मिळवावे लागतात. पानिपताची पौष शुद्ध अष्टमी शके 1682 ची, म्हणून 1761. जुन्या कागदात सुहूर सन (मराठेशाहीच्या दप्तरातली अरबी कालगणना) असेल तर मृग नक्षत्रापासून डिसेंबरपर्यंत 599 आणि पुढे 600 मिळवा. बुंदेला राजा छत्रसालाच्या वाटणीतून बुंदेलखंडातला मुलूख पेशव्यांकडे आला तो 1731 च्या सुमारास. त्याआधीच पूर्वज पेशव्यांच्या चाकरीत सागरला पोचल्याचे छापले असेल, तर वर्ष चुकले आहे किंवा माणूस दुसराच आहे.

एवढे करूनही दुवा लागला नाही, तर प्रयाग, काशी, त्र्यंबकेश्वर इथल्या तीर्थोपाध्यायांच्या, म्हणजे यात्रेकरूंच्या कुळांची नोंद ठेवणाऱ्या पुरोहितांच्या, वह्या पाहाव्यात. आडनावाबरोबर मूळ गाव सांगा. नुसत्या आडनावावर योग्य वही निघणे कठीण.

प्रश्न : मॉरिशसमधल्या एका मराठी कुटुंबाला रत्नागिरीकडचे मूळ शोधायचे आहे. त्यांच्या आडनावाचा कुलवृत्तांत मिळेल का?

उत्तर : त्या आडनावावरून शोधू नका. तिथे अनेक कुटुंबांत करारावर आलेल्या मजुराचे पहिले नावच पुढे आडनाव झाले. खरी किल्ली म्हणजे त्या पूर्वजाचा आप्रवासी क्रमांक, म्हणजे मजूर तिथे आला तेव्हा त्याला दिलेला नोंदणी क्रमांक. घरातल्या जुन्या जन्म-विवाह दाखल्यांवर तो आहे का, आधी पाहायला सांगा. मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आप्रवाशांची दप्तरे आहेत. त्यांत बापाचे नाव, वय, जात, गाव, जहाज असे तपशील मिळतात. गावाचे नाव कारकुनाने ऐकून लिहिलेले असते, म्हणून स्पेलिंगवर न जाता मोठ्याने वाचा. दप्तरातला रत्नागिरी जिल्हा आजच्यापेक्षा मोठा आहे. मालवण, वेंगुर्ले हे तालुके 1981 मध्ये सिंधुदुर्गात गेले, तेव्हा गाव तिकडेही शोधा. कुलवृत्तांताची पाळी गाव आणि खरे आडनाव कळल्यावर.