मेलचिंपचा डेटा मायएसक्यूएलमध्ये कसा साठवायचा?

प्रश्न : आमचा घरगुती मसाल्यांचा ऑनलाइन व्यवसाय आहे, मेलचिंपवर (एकदम अनेकांना ईमेल पाठवायच्या सेवेवर) सहा वर्षांत जमवलेले 18 हजार ईमेल आहेत. मी अधूनमधून त्यांची सीएसव्ही फाइल (तक्त्याची साधी मजकूर फाइल) काढून ठेवते. भाचा म्हणतो सगळं मायएसक्यूएलमध्ये, म्हणजे आपल्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये घे. खरंच गरज आहे का? - एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, भाच्याचं ऐका. गूगलने जुनं युनिव्हर्सल अ‍ॅनालिटिक्स (वेबसाइटवर किती लोक येतात ते मोजायचं साधन) बंद करायला घेतलं तेव्हा 1 जुलै 2023 पासून नवीन नोंदी थांबल्या आणि पुढच्या वर्षीच्या जुलैपासून जुने आकडे बघायची सोयही गेली, ज्यांनी आधीच काढून ठेवले होते त्यांच्याकडेच ते राहिले. दुसऱ्याच्या सेवेवर ठेवलेल्या तुमच्या यादीचंही तसंच होऊ शकतं.

आता तुमची सीएसव्ही. मेलचिंपच्या एक्सपोर्टची झिप उघडलीत तर सबस्क्राइब्ड (यादीत असलेले), अनसबस्क्राइब्ड (बाहेर पडलेले), क्लीन्ड (मेल पोचत नाही असे पत्ते) अशा वेगवेगळ्या फाइली दिसतील, आणि बहुतेक लोक पहिली तेवढी उचलतात. माझ्या मते खरी मोलाची दुसरी आहे, कारण उद्या प्लॅटफॉर्म बदललात आणि ज्यांनी "नको" सांगितलंय त्यांनाच परत मेल गेले तर त्यांचा विश्वास गेलाच म्हणून समजा. म्हणून डेटाबेसच्या टेबलमध्ये स्टेटस (यादीत आहे की बाहेर पडला) आणि तो कधी बदलला ती तारीख, हे दोन कॉलम हवेतच. आणि फाइल मध्ये एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका, मोबाइल नंबरच्या सुरुवातीचे शून्य उडतात, मराठी नावांची अक्षरंही कधीकधी बिघडतात.

भाच्याला म्हणावं एपीआयने, म्हणजे प्रोग्रामने थेट मेलचिंपकडून मागवून, डेटा ओढ. काही सांगितलं नाही तर एका वेळी 10च नोंदी येतात, काउंट वाढवून जास्तीत जास्त 1000 मिळतात, म्हणजे तुमच्या यादीला 18-19 फेऱ्या. बरेच जण पहिलं पान आलं की काम झालं समजतात, म्हणून शेवटी टेबलमधली संख्या मेलचिंपच्या एकूण संख्येशी जुळवून बघायचीच. प्रत्येक माणसाला एक आयडी असतो, तो लहान अक्षरांतल्या ईमेलचा एमडी5 हॅश (ईमेलवरून गणिताने काढलेला ठरावीक लांबीचा कोड) असतो, तीच प्रायमरी की (प्रत्येक नोंदीची एकमेव ओळख) करा आणि इन्सर्ट करताना ऑन डुप्लिकेट की अपडेट (नोंद आधीच असेल तर तीच बदलायची आज्ञा) वापरा, मग रोज चालवलं तरी डबल नोंदी होत नाहीत. पहिल्यांदा सगळं, नंतर शेवटच्या वेळेपासून बदललेलंच मागवायचं. वेळा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) येतात, तशाच ठेवा, भारतीय वेळेसाठी साडेपाच तास रिपोर्ट काढताना मिळवा. कॅरेक्टर सेट (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ8एमबी4 घ्या, साधा यूटीएफ8 मराठीला पुरतो पण मेलच्या विषयात 🌶️ टाकलीत की अडतो. ओपन-क्लिकचं (कुणी मेल उघडला, कुणी लिंक दाबली याचं) वेगळं टेबल करा, ते फार भराभर वाढतं.

दोन-तीन महिन्यांतून एकदा या डेटाबेसचा बॅकअप घेऊन तो रिकाम्या डेटाबेसमध्ये परत चढवून बघा, तो चढतो की नाही हे ऐन अडचणीच्या वेळी कळून उपयोग नाही. आणि कुणी "माझी माहिती काढून टाका" म्हणालं तर ती मेलचिंपमधून काढाल तशीच या टेबलमधूनही काढा.